जुना कॅसेट डेक भंगारात द्यायच्या आधी हे वाचा

माळ्यावरचा डेक चालत नाही म्हणून भंगारवाल्याला द्यायचा विचार असेल तर जरा थांबा. आमच्याकडे दुरुस्तीला येतात त्यातले बहुतेक डेक रबरामुळे बंद पडलेले असतात, बाकी मशीन ठणठणीत असतं. मुंबईच्या दमट हवेत आतला बेल्ट सैल पडतो, काहींचा तर वितळून डांबरासारखा चिकट होतो, मग मोटरचा आवाज येतो पण कॅसेट फिरत नाही, किंवा फिरते पण टेप गुंडाळली न जाता आत अडकते. म्हणून बरीच वर्षं बंद असलेल्या डेकमध्ये आवडती कॅसेट घालून ट्राय करू नका प्लीज.

टेप सेकंदाला फक्त 4.76 सेंटिमीटर सरकते, त्यामुळे टेप दाबून पुढे सरकवणारा रबरी पिंच रोलर कडक झाला की गाणं लगेच डुलायला लागतं. आम्ही बेल्ट, रोलर बदलतो, हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) आणि कॅपस्टन (टेप ओढणारी फिरती दांडी) आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करतो, डीमॅग्नेटाइज करतो म्हणजे त्यांच्यात साचलेलं चुंबकत्व काढतो आणि मग टेस्ट टेप लावून स्पीड आणि अझिमथ सेट करतो.

अझिमथ म्हणजे हेडचा टेपशी असलेला कोन, तो जरा हलला तरी ट्रेबल, म्हणजे आवाजातला बारीक तीक्ष्ण भाग, जातो. हेडजवळचा स्क्रू घरी फिरवू नका. आणि महत्त्वाचं, आजोबांचं कीर्तन, आईचं गाणं असं काही याच डेकवर रेकॉर्ड केलेलं असेल तर ती कॅसेट सोबत आणाच, कारण तेव्हा हेड तिरकं असेल तर ती कॅसेट त्याच कोनात नीट वाजते, अशा वेळी आम्ही आधी तिची कॉपी करून घेतो आणि नंतरच हेडला हात लावतो. नाकामिची कंपनीच्या 1982 च्या ड्रॅगन डेकमध्ये हा कोन प्लेबॅकला आपोआप जुळायचा, कमाल मशीन आहे ते!

आवाज दबलेला वाटला तर आधी डेकवरचा डॉल्बी (टेपची सरसर कमी करणारा स्विच) ऑफ करून बघा. कॅसेटवर डॉल्बीची खूण नसताना स्विच ऑन राहिला तर ट्रेबल कमी होतो आणि लोकांना वाटतं हेड गेलं. हेड खरंच झिजलं असेल तर नखाला खाच लागते, तसं असेल तर आम्ही स्पष्ट सांगतो, कारण जुन्या मॉडेलचं नवीन हेड सहसा मिळत नाही. अकाई कंपनीचे जीएक्स नावाच्या कडक हेडवाले डेक याबाबतीत फार टिकाऊ, असा डेक घरात असेल तर अजिबात विकू नका.

चोरबाजारातून डेक घेताना मागची व्होल्टेजची पट्टी वाचा. जपानच्या लोकल मॉडेलला 100 व्होल्ट लागतात, आपल्या 230 ला डायरेक्ट लावला तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, व्होल्टेज कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच.

कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे, वाजवू नका, हेडला लागून दुसऱ्या कॅसेटवरही जाते. अशा कॅसेट वेगळ्या पिशवीत आणा.