ऑक्सिमीटरला न दिसलेलं दुखणं

कोल्हापुरात नळाला पाणी आलं की वरच्या मजल्यावरून पहिला प्रश्न येतो, "फोर्स हाय का?" पंचगंगा कितीही भरलेली असो, दाब नसेल तर वरची टाकी कोरडीच. मूत्रपिंडाचंही असंच.

शरीराच्या वजनाचा जेमतेम अर्धा टक्का असलेल्या या जोडीकडे हृदयातून निघालेल्या रक्ताचा पाचवा हिस्सा जातो. प्रत्येकात सुमारे १० लाख गाळण्या. दिवसाला १८० लिटरच्या आसपास द्रव गाळला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी सोडली तर बाकी सगळा बारीक नलिका परत रक्तात ओढून घेतात. या कामाला प्राणवायू फार लागतो.

कोरोनाचा विषाणू पेशीत शिरतो एसीई-२ या प्रथिनाला धरून, आणि ते या नलिकांवरही भरपूर असतं. म्हणून २०२० मध्ये थेट हल्ल्याचा संशय आधी आला. काहींच्या मूत्रपिंडात विषाणूच्या खुणा सापडल्याही. पण माझ्या मते मोठं नुकसान आडवाटेनं झालं. फुप्फुसं थकली, प्राणवायू घटला. ताप-जुलाबांनी पाणी आटलं, रक्तदाब उतरला, म्हणजे फोर्सच गेला. त्यात प्रतिकारशक्ती बिथरली की सूज येते आणि बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या अडकतात, बंधाऱ्याच्या बरग्यांत काटक्या अडकाव्यात तशा. दाब घटला की गाळणीकडे येणारी रक्तवाहिनी शरीर स्वतःच रुंद करतं. अंगदुखीवर मेडिकलमधून आणलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या नेमका तोच उपाय हाणून पाडतात. पॅरासिटामॉलचं तसं नाही.

२०२१ मध्ये दुसरी लाट आपल्याकडे रेंगाळली, तेव्हा घरोघरी बोटाला ऑक्सिमीटर होता. दिवसात लघवी किती झाली, हे मात्र घरी क्वचितच कुणी विचारलं. मूत्रपिंड असं बिघडताना सहसा दुखत नाही. मूत्रपिंडानं बाहेर टाकायचा स्नायूंमधला कचरा म्हणजे क्रिएटिनिन; रक्तात तेही उशिरा वाढतं. बऱ्याचदा निम्मी ताकद गेल्यावर.

नलिकांच्या पेशी पुन्हा उगवतात, त्यामुळे बरेच रुग्ण डायलिसिसवरूनही परतले. मेलेली गाळणी मात्र नवी येत नाही. उरलेल्या तिचा भार उचलतात आणि रिपोर्ट 'नॉर्मल' दिसतो. तेव्हा आयसीयूत राहून आलेल्यांनी, त्यातही साखर किंवा बीपी असलेल्यांनी, क्रिएटिनिनसोबत लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिनही तपासून घ्यावं. गाळणी झिरपू लागल्याचं बहुतेक वेळा आधी तिथंच कळतं, आणि त्याला सुईसुद्धा टोचावी लागत नाही.