मेंढ्या नसलेल्या शहरात बॉर्डर कॉली

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत संध्याकाळी मुलं सायकली फिरवतात. तिसऱ्या मजल्यावरच्यांची बॉर्डर कॉली, म्हणजे मेंढ्या हाकणाऱ्या जातीची कुत्री, खाली आली की आधी थबकते. मान खाली, एक पंजा हवेत, नजर सायकलींवर. मग मोठा वळसा घालून मुलांना कोपऱ्यात गोळा करू लागते. चावत नाही, फार तर कुणाच्या टाचेजवळ तोंड नेते. आया घाबरून ओरडतात, ‘कुत्रं अंगावर येतंय!’ खरं तर ती कामाला लागलेली असते.

या कामाचं मूळ शिकारीत आहे. भक्ष्य हेरायचं, टक लावायची, दबकत जायचं, पाठलाग करायचा, पकडायचं, मारायचं, हा लांडग्याचा क्रम. माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करून मेंढपाळ जातींत या क्रमाची सुरुवात धारदार केली आणि शेवट बोथट. १८९३ साली इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँडमध्ये जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’ हा बॉर्डर कॉलींचा मूळपुरुष मानतात. न भुंकता, नुसत्या नजरेने तो मेंढ्या वळवायचा. आपल्या धनगरांच्या कुत्र्याचं काम निराळं. तो रात्री मेंढ्यांच्या वाड्याभोवती राखण करतो, लांडग्याला हुसकावतो. राखणारा कुत्रा तासन्‌तास पडून राहू शकतो, हाकणाऱ्याला ते जमत नाही.

२०२२ साली चार हजारांवर कुत्र्यांची जनुकं तपासली गेली. मेंढपाळ कुत्र्यांमध्ये वेगळे दिसलेले जनुकीय बदल मेंदू घडताना चेतातंतूंना वाट दाखवणाऱ्या जनुकांशी जोडलेले निघाले. म्हणजे ही ओढ ओरडून मोडत नाही. तिला वळण मात्र देता येतं.

त्यासाठी वेळ लागतो, आणि इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. ‘चेसर’ नावाच्या बॉर्डर कॉलीला १,०२२ वस्तूंची नावं कळत होती, हे कौतुकाने सांगितलं जातं. तिला शिकवणारे जॉन पिली हे निवृत्त मानसशास्त्रज्ञ सुरुवातीला रोज चार-पाच तास तिच्यासोबत काढत, हे सांगायचं राहून जातं. घरातली दोन्ही माणसं सकाळी आठची लोकल पकडून रात्री आठला परतणार असतील, तर दहा मिनिटं खाली फिरवून आणणं म्हणजे त्या मेंदूची उपासमारच. मग सोफा फाटतो, शेपटीमागे गोल गोल फिरणं सुरू होतं, पंख्याच्या सावलीवर तासन्‌तास नजर खिळते. फ्लॅट वन बीएचके आहे की थ्री, याला मी फारसं महत्त्व देत नाही. दिवसा घरी कोण असतं, हे आधी विचारते.

दुसरी अडचण आपल्या हवेची. कुत्र्याला घाम जवळपास फक्त पंजांच्या तळव्यांना येतो. शरीर थंड होतं ते धापा टाकून, जीभ, नाक आणि श्वसनमार्गातल्या ओलाव्याच्या बाष्पीभवनाने. हवाच दमट असली की बाष्पीभवन मंदावतं, त्यामुळे पारा तेहतीसवर असला तरी मुंबईत धोका असतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश. ते ४१च्या वर गेलं की उष्माघात. खेळाच्या भरात ही जात आपणहून थांबत नाही, चेंडू आपल्यालाच खिशात घालावा लागतो. पळवायचं तर उजाडताना. दुपारी घरात लपवलेल्या वस्तू वासाने शोधायला लावाव्यात, नवे शब्द शिकवावेत. डोकं दमलं की कुत्रं शांत झोपतं.

एक गोष्ट डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा. कॉली (ही बॉर्डर कॉलीहून वेगळी जात), ऑस्ट्रेलियन शेफर्ड अशा जातींतल्या अनेक कुत्र्यांत एमडीआर-१ या जनुकात दोष असतो. त्यामुळे खरूज, गोचीड यांवर दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन मोठ्या मात्रेत मेंदूत साचून जिवावर बेतू शकतं. बॉर्डर कॉलीत हा दोष कमी आढळतो, तरी चाचणी करून घ्यावी.

जात म्हणजे सगळं भविष्य नव्हे, हेही खरं. २०२२च्याच दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीने उलगडला. म्हणून पिल्लाच्या गोंडस फोटोपेक्षा, स्वभाव कळलेला मोठा कुत्रा दत्तक घेण्याचा विचार जरूर करा. तो सोसायटीच्या फाटकाशी बसणारा आपला देशी कुत्राही असू शकतो. त्याला ही हवा मानवते.

तरीही बॉर्डर कॉलीच हवी असेल, तर आणण्याआधी जुलैतले पंधरा दिवस पहाटे साडेपाचला उठा, छत्री घ्या आणि तासभर चालून या. संध्याकाळी पुन्हा तेच. सोळाव्या दिवशीही पाय आपणहून दाराकडे वळले, तर पिल्लू बघायला जा.