गोवा शिपयार्ड म्हणजे फक्त बार्जी? नाय हो!

"खाण बंद, बार्जी बंद, मग शिपयार्डात काम कसलं?" असं शिपयार्ड जिथं आहे त्या वास्कोत अजून ऐकू येतं. सुरुवात बार्जींचीच (म्हणजे खनिज वाहून नेणाऱ्या सपाट बोटी), हे खरं, १९५७ साली पोर्तुगीजांच्या काळात खाणवाल्यांसाठी, पण २०१२ला खाणी थांबल्या तरी यार्ड चालूच राहिलं कारण तोवर नेव्ही आणि कोस्ट गार्डची कामं कधीच मोठी झाली होती, श्रीलंकेच्या नेव्हीलाही गस्तीजहाजं इथूनच गेलीत. जुलै २०२४ला त्रिपुट ही फ्रिगेट, म्हणजे एक प्रकारची युद्धनौका, पाण्यात उतरली, जवळपास १२५ मीटर लांब, म्हणजे फुटबॉलच्या मैदानापेक्षा मोठी! मार्च २०२५ला तिची बहीण तवस्या. आठ महिन्यांत दोन फ्रिगेट, आमच्या झुआरीच्या काठावर. बार्ज, टग असली व्यापारी कामंही यार्डानं केलीत, पण आजचा खरा भार युद्धनौकांचा.