सनदी पर्यायी विद्यालय

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील, सरकारी पैशावर चालणारे पण स्थानिक शिक्षणमंडळाच्या बहुतेक नियमांतून सनदेने मोकळे केलेले, आणि शिक्षण अर्धवट सोडलेल्या किंवा सोडण्याच्या बेतात असलेल्या मुलांसाठी चालवलेले नववी ते बारावीचे विद्यालय. ‘सनदी लेखापाल’ या शब्दातील सनद परवान्याची असते. येथील सनद (चार्टर) हा मुदतीचा करार असतो आणि ठरलेली निष्पत्ती न दिसल्यास तो रद्द होऊ शकतो.

कल्पनेच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील रे बड यांनी १९७४ च्या सुमारास शिक्षकांच्या गटांना सनद देण्याची सूचना केली आणि १९८८ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. तीत सनद अध्यापनाच्या उपक्रमाला होती, संपूर्ण शाळेला नव्हती. त्याच वर्षी शिक्षक संघटनेचे अध्यक्ष ॲल्बर्ट शँकर यांनी हा शब्द बड यांच्याकडून घेऊन त्याचा जाहीर पुरस्कार केला, मात्र पुढे ते या चळवळीचे टीकाकार बनले. जनकत्वाचा मान सामान्यतः शँकर यांना दिला जातो. परंतु शिक्षणमंडळाबाहेरची स्वतंत्र शाळा हे आजचे रूप मिनेसोटातील धोरणकर्त्यांच्या खटपटीतून आले असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. त्या राज्याने १९९१ मध्ये देशातील पहिला सनदी शाळा कायदा केला आणि त्याखाली आरंभी केवळ ८ शाळांना मुभा दिली. पहिली शाळा, सेंट पॉल येथील ‘सिटी अकॅडमी’, सप्टेंबर १९९२ मध्ये शहराच्या पूर्व भागातील एका सार्वजनिक क्रीडाकेंद्रात ३०–३५ विद्यार्थ्यांनिशी उघडली. हे विद्यार्थी शाळा सोडलेले होते. म्हणजे देशातील पहिली सनदी शाळा ही पर्यायी शाळाच होती, ही गोष्ट सनदी शाळांवरील सर्वसाधारण चर्चेत सहसा मागे पडते.

विद्यार्थिवर्गाची व्याख्या राज्यागणिक बदलते. कॅलिफोर्नियात पर्यायी दर्जासाठी किमान ७० टक्के विद्यार्थी जोखमीच्या गटातील असावे लागतात. काढून टाकलेले, निलंबित, श्रेयांकांत (विषय पूर्ण केल्यावर जमा होणाऱ्या ‘क्रेडिट’मध्ये) मागे पडलेले, गरोदर किंवा मूल असलेले, बेघर, आईवडिलांऐवजी सरकारने नेमलेल्या पालकांकडे वाढणारे इत्यादींचा त्यात समावेश होतो. गरिबी मोजण्याचे रूढ साधन म्हणजे मोफत किंवा सवलतीच्या दुपारच्या जेवणाची पात्रता होय. कुटुंबाचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असल्यास जेवण मोफत व १८५ टक्क्यांपर्यंत असल्यास सवलतीत मिळते. परंतु अर्ज भरून देण्यास मोठी मुले टाळाटाळ करतात, आणि गरीब वस्तीतील शाळेत सरसकट सर्वांना मोफत जेवण देण्याची योजना २०१४ पासून देशभर खुली झाल्याने हा आकडा सैल झाला आहे. शाळा लहान असल्यामुळे वांशिक गटांचे आकडेही पुष्कळदा ओळख लपवण्यासाठी झाकलेले असतात.

निष्पत्तीचा प्रमुख निकष म्हणजे चार वर्षांत डिप्लोमा (बारावी पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र) मिळवणाऱ्यांचे प्रमाण. त्याचा छेद येथे घोळ करतो. विद्यार्थी प्रथम नववीत बसला त्या वर्षाच्या गटात तो कायम गणला जातो. मधेच आलेला नव्या शाळेच्या गटात मिळवला जातो, दुसरीकडे प्रवेश घेतलेला, परदेशी गेलेला वा मृत वजा होतो, शाळा सोडून घरी बसलेला मात्र वजा होत नाही. परिणामी चौथ्या वर्षी, श्रेयांकांपैकी जेमतेम चौथा हिस्सा हाती घेऊन आलेला अठरा वर्षांचा मुलगा दोन वर्षांनी नेटाने डिप्लोमा मिळवतो, तरी चार वर्षांच्या हिशेबात तो अपयशीच ठरतो. डिप्लोमाऐवजी समकक्ष परीक्षा दिलेलाही यशस्वी धरला जात नाही. २०१५ च्या केंद्रीय कायद्याने ६७ टक्क्यांच्या आत राहणाऱ्या विद्यालयांना सुधारणेच्या यादीत घालण्यास सांगितले, आणि पर्यायी शाळा त्या यादीत मोठ्या संख्येने सापडतात. पाच, सहा व (मिनेसोटात) सात वर्षांचे प्रमाणही काढले जाते. कॅलिफोर्नियाने पर्यायी शाळांसाठी एका वर्षाचे (त्या वर्षी बारावीत असलेल्यांपैकी डिप्लोमा मिळवणाऱ्यांचे) प्रमाण आणले, पण केंद्रीय कायद्याला चार वर्षांचेच प्रमाण लागते.

सनदी शाळांच्या तुलनात्मक अभ्यासांपैकी स्टॅनफर्ड विद्यापीठातील ‘क्रेडो’ या शिक्षण-संशोधन केंद्राचे २००९, २०१३ व २०२३ चे अहवाल सर्वाधिक उद्धृत होतात. त्यांत सनदी विद्यार्थ्याशी पूर्वीचे गुण व पार्श्वभूमी जुळणाऱ्या शेजारच्या शाळेतील विद्यार्थ्यांची जोडी लावली जाते. पहिल्या अहवालात गणितात १७ टक्के शाळा सरस, ३७ टक्के कमी व उरलेल्या बरोबरीच्या आढळल्या; २०२३ मध्ये सरासरी कल सनदी शाळांच्या बाजूने झुकला. ही पद्धत लागोपाठच्या परीक्षांच्या गुणांवर उभी असल्याने, दीड वर्ष शाळेबाहेर राहून परतलेल्या मुलासाठी तशी जोडी शोधणे अवघड जाते.