फाक्साफ्लोईतली रेषा: आइसलँडच्या देवमासा फेऱ्यांची पार्श्वभूमी

आइसलँडमध्ये देवमासे दाखवणाऱ्या फेऱ्या 1991 मध्ये आग्नेय किनाऱ्यावरच्या होफ्नमधून सुरू झाल्या. रुजल्या मात्र 1995 पासून, उत्तरेकडच्या हूसाविकमध्ये. बोटी तिथल्याच होत्या. मासेमारीच्या कोटापद्धतीने रिकाम्या पडलेल्या आणि भंगारात किंवा आगीत जाणाऱ्या ओकच्या लाकडी बोटी डागडुजी करून वापरात आल्या. वेग 8 ते 9 नॉट, म्हणजे तासाला तितकेच सागरी मैल. तीन तासांच्या फेरीत जायला एक तास, यायला एक तास, म्हणजे बंदरापासून आठ-नऊ सागरी मैलांच्या पलीकडे जाता येत नाही. देवमाशांची शिकार किनाऱ्यापासून किती दूर ठेवायची, हा पुढचा सगळा वाद या अंतरात दडलेला आहे.

दुसरी मर्यादा वाऱ्याची. सेकंदाला 10 मीटर, म्हणजे साधारण 19 नॉट वारा असला की बऱ्याच फेऱ्या रद्द होतात. त्यात धोका हे एकच कारण नसते. सहा-सात मीटरच्या वाऱ्यातच लाटांवर पांढरा फेस फुटू लागतो. हंपबॅक या मोठ्या देवमाशाचा फवारा तीनेक मीटर उंच जातो, पण वारा तो लगेच पसरवून टाकतो. मिंकी या लहान देवमाशाचा फवारा तर शांत समुद्रातही जेमतेम दिसतो. त्याची पाठ आणि छोटा पर लाटांमध्ये हरवून जातात. हूसाविकची स्क्यालफांदी खाडी उत्तरेला उघडी आहे. उत्तरेचा वारा पडला तरी त्याने उठवलेल्या लांब लाटा दुसऱ्या दिवशीही आत येत राहतात, आणि गोल बुडाची लाकडी बोट त्यांवर सतत डोलते. बोट लागू नये म्हणून गोळी तासभर आधी घ्यायची असते. धक्क्यावरून बोट सुटल्यावर घेऊन उपयोग नाही.

रेक्याविकसमोरचा फाक्साफ्लोई हा उपसागर पश्चिमेला उघडा आहे. नैऋत्येचा वारा तिथे त्रास देतो, दक्षिणेचा वारा मात्र रेक्यानेस द्वीपकल्प बराचसा अडवतो. म्हणून बोटी त्या आडोशाला फिरतात. मिंकी मारणाऱ्या बोटीही लहान होत्या. त्यांनाही देवमासा दिसण्यासाठी आणि नेम धरण्यासाठी शांत पाणी लागायचे. दोघांचे दिवस तेच आणि पाणीही तेच.

1989 नंतर थांबलेली शिकार 2003 मध्ये 'संशोधना'च्या नावाने पुन्हा सुरू झाली. 2007 पर्यंत या खात्यात 200 मिंकी मारले गेले. व्यापारी शिकारीला 2006 मध्येच परवानगी मिळाली होती. मग 2009 मध्ये 'दर्शनक्षेत्र' ठरले: एका रेषेच्या आत शिकार बंद. हा शब्द फसवा आहे. हे क्षेत्र म्हणजे अभयारण्य नव्हे. बोट जिथवर पोहोचते तिथवरचे पाणी शिकाऱ्यांना बंद, एवढाच त्याचा अर्थ. बोटींना सरावलेला मिंकी रेषा ओलांडून बाहेर गेला की त्याच दुपारी तो कायदेशीर सावज ठरायचा. पर्यटकांच्या डोळ्यांआड शिकार होते ना, एवढेच पाहून ही रेषा आखली होती. मे 2013 मध्ये मावळत्या मंत्र्यांनी रेषा बाहेर सरकवली. नव्या सरकारने काही आठवड्यांत तो निर्णय फिरवला. 2017 च्या अखेरीस ती पुन्हा बाहेर गेली.

शिकारी बाजूचा मुद्दा असा की मिंकी कमी झाले ते त्यांच्या खाद्यातली सॅन्डईल मासळी 2005 च्या सुमारास कोसळली म्हणून. त्यात तथ्य आहे. पण आधीच अन्नासाठी दूर जाणाऱ्या प्राण्यांवर, तेही किनाऱ्यालगतच्या त्याच थोड्या पाण्यात, बंदूक रोखणे त्यामुळे योग्य ठरत नाही. या काळातली मिंकीची बहुतेक शिकार फाक्साफ्लोईतच झाली.

रेषा सरकल्यावर शिकारी बोटींना दूर जावे लागले, डिझेल आणि वेळ परवडेना, आणि 2020 मध्ये मिंकी मारणाऱ्या कंपनीने काम थांबवले. बंदीने जे साधले नव्हते ते अंतराने साधले. दरम्यान 1995 मधले सुमारे दोन हजार प्रवासी 2016 पर्यंत साडेतीन लाखांच्या घरात गेले होते. गर्दी वाढली तसे नियम आले: देवमाशापासून 300 मीटरच्या आत वेग कमी, 50 मीटरवर इंजिन न्यूट्रल. हे नियम स्वेच्छेचे आहेत, त्यामुळे एकाच हंपबॅकभोवती चार बोटी जमल्या की त्यांची कसोटी लागते.

फिन देवमाशांना ही रेषा लागू पडत नाही. त्यांची शिकार खोल समुद्रात होते. 2023 मध्ये ती हंगामाच्या तोंडावर स्थगित झाली, 2024 आणि 2025 मध्ये झालीच नाही. मात्र डिसेंबर 2024 मध्ये पाच वर्षांचे परवाने दिले गेले. शिकार झालीच, तर मारलेले फिन जहाजाच्या बाजूला बांधून फाक्साफ्लोईतूनच ह्वाल्फ्योर्दुरच्या कारखान्याकडे नेले जातात.