जिगरखून

जिगरखून : खोल दुःख वा खिन्नता यांसाठी अफगाणिस्तानातील दरी (तेथील फार्सी) भाषकांत रूढ असलेली संज्ञा. अफगाण निर्वासितांच्या मानसोपचारात तिची दखल घेतली जाते. येथील ‘खून’ म्हणजे हत्या नव्हे. फार्सीत खून म्हणजे रक्त व जिगर म्हणजे यकृत.

फार्सी ‘जिगर’ व संस्कृत ‘यकृत्’ हे शब्द एकाच मुळाचे. दुःखाचे स्थान यकृतच का, याचा संबंध काही जण युनानी वैद्यकाशी लावतात. या वैद्यकाला आधारभूत असलेला प्राचीन ग्रीक वैद्य गेलेन याच्या मते रक्त यकृतात तयार होते. परंतु मेसोपोटेमियातील प्राचीन अक्कादी भाषेतही यकृतवाचक शब्द मनासाठी येतो, त्यामुळे ही कल्पना गेलेनहून बरीच जुनी असणे अधिक संभवते. मराठी ‘काळीज’देखील मूळचे यकृतच; मटणाच्या दुकानातील ‘कलेजी’त तो अर्थ अजून टिकून आहे. फार्सी काव्यात ‘खून-ए-जिगर’ निदान चौदाव्या शतकापासून, हाफिझच्या गझलांत, आढळते.

मानसशास्त्रज्ञ केनेथ मिलर व सहकाऱ्यांनी काबूलमध्ये स्थानिक शब्दांवरून २२ लक्षणांची प्रश्नावली तयार केली (२००६). तीत जिगरखूनसोबत ‘असबी’ (चिडचिड, अस्वस्थता) व ‘फिशार’ (दाब) हेही शब्द आहेत. फिशार म्हणजे रक्तदाबच असे नाही. दंडाला पट्टा बांधून मोजल्यास आकडे नेहमीसारखे येतात, रुग्ण मात्र ‘फिशार वर गेला’ म्हणतो. आपल्याकडच्या ‘टेन्शन’सारखेच काहीसे. जिगरखून म्हणजे नैराश्य, असे समीकरण काही चिकित्सक मांडतात. तथापि त्यात आप्ताच्या मृत्यूचा शोक आणि एखादा जिव्हारी लागलेला अपेक्षाभंग दोन्ही येतात, म्हणून ते सरसकट मानणे योग्य वाटत नाही.

व्यवहारात बरेचसे दुभाष्यावर अवलंबून असते. त्याने शब्दशः भाषांतर केले, तर यकृताच्या तपासण्या लिहून दिल्या जाण्याची शक्यता असते. दुभाष्या पश्तून आहे की हजारा (हे अफगाणिस्तानातील वांशिक गट), ओळखीतला आहे का, यावर रुग्ण किती बोलेल हे ठरते. स्त्रिया बहुधा स्त्री दुभाषी पसंत करतात. ‘दीवाना’ (वेडा) ठरण्याच्या धास्तीने दवाखाना टाळणारे शिवणवर्गात किंवा चहाच्या बैठकीत मोकळे होतात.

१९७९ च्या सोव्हिएत आक्रमणानंतर पाकिस्तान व इराणमध्ये, तर ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने सत्ता घेतल्यानंतर अमेरिकेतही अफगाण मोठ्या संख्येने गेले. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. दिल्लीत लाजपतनगर परिसरात अफगाण वस्ती आहे. पुण्यात अफगाण विद्यार्थी बरीच वर्षे शिकत आले आहेत.