डेस्कटॉप उशिरा सुरू होतो? आधी घड्याळ लावा

डेस्कटॉप सुरू व्हायला तीन-चार मिनिटे लागू लागली की पुष्कळ जण पहिल्यांदा एखादे 'क्लीनर' डाउनलोड करतात. ते टेम्पररी फायली पुसते, रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगच्या वहीतल्या) शे-दोनशे नोंदी 'दुरुस्त' केल्याचे सांगते आणि स्वतःच स्टार्टअपच्या यादीत जाऊन बसते. संगणक मात्र होता तितकाच संथ राहतो, कधी कधी त्याहून थोडा जास्त. उशीर नेमका कुठे होतोय हे कुणी पाहिलेलेच नसते.

पॉवरचे बटण दाबल्यापासून काम करता येईपर्यंतच्या वेळेचे तीन सरळ तुकडे पडतात. पहिला तुकडा बटण दाबल्यापासून विंडोजचे गोल फिरणारे ठिपके दिसेपर्यंतचा. या काळात विंडोज चालू झालेलेच नसते. मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्रॅम, म्हणजे बायॉस किंवा त्याची नवी आवृत्ती यूईएफआय, रॅम, ग्राफिक्स, कीबोर्ड आणि डिस्क तपासत असतो. दुसरा तुकडा ठिपक्यांपासून पासवर्ड विचारला जाईपर्यंतचा. यात कर्नल (विंडोजचा गाभा), ड्रायव्हर (संगणकाचा एकेक भाग चालवणारे प्रोग्रॅम) आणि सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम) चढतात. पासवर्ड दिल्यापासून माउसची क्लिक लगेच लागू होईपर्यंत तिसरा. मोबाइलमधले स्टॉपवॉच घेऊन हे तीन आकडे लिहून काढा. पहिल्या तुकड्यात दीड मिनिट जात असेल, तर विंडोज पुन्हा टाकूनही एक सेकंद वाचणार नाही.

मोजताना एक गफलत टाळायला हवी. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर संगणक पूर्ण बंद होतच नाही. कर्नल आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवरच्या एका मोठ्या फाइलमध्ये जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी ती जशीच्या तशी रॅममध्ये परत येते. 'रिस्टार्ट' मात्र सगळे पहिल्यापासून करतो. म्हणून दोन्ही प्रकारे मोजा. रिस्टार्ट झटपट होतो आणि शट डाउननंतरच उशीर लागतो असे दिसले, तर जपलेली ती फाइल किंवा झोपेतून नीट न उठणारा एखादा ड्रायव्हर यांच्यावर संशय घ्यावा. कंट्रोल पॅनलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स', तिथे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', आणि त्यात फास्ट स्टार्टअपची खूण काढता येते. एसएसडी (चिपमध्ये माहिती ठेवणारी, न फिरणारी डिस्क) असलेल्या संगणकावर ही सोय बंद केल्याने फारसे बिघडत नाही.

घड्याळापेक्षा बारीक हिशेब हवा असेल तर विंडोज स्वतः तो ठेवतच असते. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावर, यूईएफआय असलेल्या संगणकात, 'लास्ट बायॉस टाइम' असा सेकंदांतला आकडा दिसतो. पहिला तुकडा जवळजवळ तेवढाच. पुढच्या दोन तुकड्यांसाठी विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर हा प्रोग्रॅम उघडा आणि 'अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज', 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज', 'डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स', 'ऑपरेशनल' असे आत जा. १०० क्रमांकाची नोंद सुरू होण्याचा एकूण वेळ मिलिसेकंदांत देते. १०१ म्हणजे रेंगाळलेला प्रोग्रॅम, १०२ म्हणजे ड्रायव्हर आणि १०३ म्हणजे सर्व्हिस, नावासकट. एवढी उपयोगी नोंदवही संगणकात पडून असते आणि दुरुस्ती करणारेही ती क्वचितच उघडतात.

आता पहिला तुकडा. तो पाच ते पंधरा सेकंदांत आटोपला तर ठीक. अर्ध्या मिनिटाच्या पुढे गेला की कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर सोडून बाकी सगळ्या यूएसबी वस्तू काढून पुन्हा मोजा. प्रिंटर, कार्ड रीडर, हब, बाहेरची हार्ड डिस्क, चार्जिंगला लावलेला फोनसुद्धा. फर्मवेअर, म्हणजे तोच बायॉस किंवा यूईएफआय, प्रत्येकाला 'तुझ्यावर ऑपरेटिंग सिस्टिम आहे का' असे विचारते आणि अर्धवट बिघडलेली वस्तू उत्तर द्यायला वेळ लावते. फरक पडला तर एकेक वस्तू परत जोडत गुन्हेगार शोधता येतो. त्यानंतर बायॉसच्या सेटिंगमध्ये जाऊन बूटचा, म्हणजे कुठून सुरू व्हायचे त्याचा, क्रम पाहा. त्यासाठी संगणक चालू होताना बहुधा डिलीट किंवा एफ२ हे बटण दाबावे लागते. यादीत नेटवर्क बूट सर्वांत वर असेल तर संगणक दर वेळी नेटवर्कवर सर्व्हर शोधतो, कोणी सापडत नाही आणि मगच डिस्ककडे वळतो. विंडोजची डिस्क पहिली ठेवा, नेटवर्क बूट बंद करा.

तारीख-वेळ सारखी मागे जात असेल, किंवा सुरू होताना एफ१ दाबायला सांगितले जात असेल, तर मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल बहुधा संपला आहे. बहुतेक ठिकाणी तो सीआर२०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा आणि ३ व्होल्टचा असतो. मल्टिमीटरवर २.७ व्होल्टच्या आसपास किंवा खाली आला असेल तर बदलावा. सेटिंग पुसले गेल्यामुळे फर्मवेअर दर वेळी रॅम आणि बाकी भाग नव्याने ओळखत बसते, आणि उशीर तिथे होतो. सेल काढण्याआधी सेटिंगच्या पानांचे फोटो घ्या, खास करून साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) 'एएचसीआय' आहे की 'रेड' ते. सेल बदलल्यावर तो मोड दुसराच झाला तर विंडोज सुरूच होत नाही आणि लोक डिस्क गेली समजून घाबरतात. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्कला लावलेले कुलूप) असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी कीही आधीच हाताशी ठेवा. मग वायर भिंतीतून काढा, पॉवरचे बटण पाच-दहा सेकंद दाबून उरलेला विद्युतभार जाऊ द्या, आणि नवा सेल अधिक चिन्ह वर ठेवून बसवा.

डीडीआर५ रॅम असलेल्या नव्या संगणकांची गोष्ट वेगळी आहे. या रॅमचे सिग्नल इतके वेगवान असतात की फर्मवेअरला प्रत्येक तारेची वेळ जुळवून घ्यावी लागते. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. रॅम बदलल्यावर किंवा बायॉस अपडेट केल्यावर पहिल्यांदा पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. तो बिघाड नाही, त्या वेळी वीज तोडू नका. हे ट्रेनिंग रोज होत असेल तर मात्र बायॉस अपडेट करून पाहावे. एएमडी प्रोसेसरच्या एएम५ मदरबोर्डांवर 'मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर' हे सेटिंग चालू केले की जुनी जुळवणी पुन्हा वापरली जाते. ते चालू केल्यावर संगणक अधूनमधून अडखळू लागला तर परत बंद करावे. थोडे थांबणे परवडते, रॅममधल्या चुका परवडत नाहीत.

दुसऱ्या तुकड्यात उशीर असेल तर नव्वद टक्के लक्ष डिस्ककडे द्यावे. फिरत्या हार्ड डिस्कचे गणित कागदावर मांडून पाहण्यासारखे आहे. तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली (हेडखाली) यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद. डोके योग्य पट्ट्यावर न्यायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. एकूण तेरा मिलिसेकंद धरले तर विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला सुमारे ७५ वाचने होतात. प्रत्येक वाचन ४ किलोबाइटचे असेल तर वेग सेकंदाला ३०० किलोबाइट. हीच डिस्क एक सलग मोठी फाइल दीडशे मेगाबाइटच्या वेगाने वाचते! सुरू होताना विंडोजला हजारो छोट्या फायली इकडून तिकडून उचलाव्या लागतात, म्हणून डिस्कचा सगळा वेळ डोके हलवण्यातच जातो. एसएसडीत हलणारे काहीच नसते. विखुरलेले एक वाचन साधारण ०.१ मिलिसेकंदात होते, म्हणजे शंभरपटीहून अधिक फरक.

हा मार कमी करण्यासाठी विंडोज सुरुवातीला काय काय वाचले जाते याची टिपणे 'प्रीफेच' फोल्डरमध्ये ठेवते आणि पुढच्या वेळी ते तुकडे सोयीच्या क्रमाने आधीच उचलते. इंटरनेटवरच्या कित्येक सल्ल्यांत हा फोल्डर रिकामा करायला सांगतात. केला, तर हार्ड डिस्कवरची पुढची एक-दोन सुरुवात आणखी रखडते.

डिस्क मुळातच संथ असणे वेगळे आणि आजारी असणे वेगळे. पूर्वी मिनिटभरात सुरू होणारा संगणक आठवडाभरात चार मिनिटांवर गेला असेल तर ती आजारी समजा. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती 'स्मार्ट' नोंद दिसते. ०५ म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आल्याने निकालाची वाट पाहणारे सेक्टर. सी५ मध्ये शून्याखेरीज काही दिसले आणि ते वाढत असेल, तर दुसरे काहीही करण्याआधी कामाच्या फायलींची प्रत काढा. असा सेक्टर आला की डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, त्यात कित्येक सेकंद जातात आणि तोवर मागचे सगळे खोळंबते. 'चेकडिस्क' ही विंडोजची डिस्क-तपासणी पूर्ण पृष्ठभाग तपासायच्या पर्यायासह चालवली तर मरू घातलेल्या डिस्कला तासन्‌तास राबवून ती तिला तिथेच बंद पाडू शकते. म्हणून क्रम बदलू नका, आधी प्रत.

सी७ हा आकडा मात्र दिलासा देणारा असू शकतो. तो वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कमध्ये नसून साटा केबलमध्ये असतो. माहिती वाटेत बिघडते, पुन्हा पाठवावी लागते. इव्हेंट व्ह्यूअरच्या 'सिस्टम' लॉगमध्ये १२९ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी दिसल्या तरी आधी केबल बदला आणि दुसऱ्या पोर्टमध्ये लावा. जुना आकडा शून्यावर येत नाही, फक्त वाढायचा थांबतो. तेच पाहायचे.

आणखी एक सापळा आहे. विंडोज एसएसडीवर आहे, म्हणून डिस्कचा प्रश्न नाही असे गृहीत धरले जाते. पण साठवणीसाठी लावलेली दुसरी, जुनी हार्ड डिस्क अडखळत असेल तर तिची ओळख पटेपर्यंत अख्खी सुरुवात अडते. संगणक बंद करून, वायर काढून तिची केबल सोडवा आणि पुन्हा मोजा. पाच मिनिटांचा हा प्रयोग अनेक महागड्या खरेद्या वाचवतो.

तिसरा तुकडा सर्वांत प्रसिद्ध आणि बहुतेक वेळा सर्वांत सोपा. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावर 'स्टार्टअप इम्पॅक्ट'मध्ये 'हाय' लिहिलेल्या नोंदी पाहा. गप्पांचे प्रोग्रॅम, गेमचे लाँचर, अपडेट शोधणारे मदतनीस निर्धास्त बंद करावेत, गरज पडेल तेव्हा ते उघडता येतात. अँटिव्हायरस आणि ध्वनी-ग्राफिक्सचे भाग राहू द्या. क्लाउडवर फायली पाठवणारा प्रोग्रॅम बंद केला तर तो हाताने उघडेपर्यंत फायली चढणार नाहीत, हे लक्षात ठेवून ठरवा. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढाच. दोघेही प्रत्येक फाइल उघडताना अडवून तपासतात.

इतके करूनही भागले नाही तर 'एमएस-कॉन्फिग' (msconfig, विंडोजच्या सुरुवातीच्या सेटिंगची खिडकी) उघडून सर्व्हिसेसच्या पानावर मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसेस लपवा आणि उरलेल्या बंद करून रिस्टार्ट करा. लपवायची खूण आधी करा, नाहीतर विंडोजच्या गरजेच्या सर्व्हिसेसही बंद पडतील. वेग आला, तर उरलेल्यांपैकी निम्म्या चालू करून पाहा, मग त्याच्या निम्म्या. ३२ सर्व्हिसेसमधली एक दोषी पाच रिस्टार्टमध्ये सापडते. त्याच खिडकीत प्रोसेसरची संख्या निवडायचा एक रकाना आहे. तिथे सर्वांत मोठा आकडा निवडला की सुरुवात वेगाने होते, असे बरेच जण छातीठोकपणे सांगतात. विंडोज सगळे कोर आपोआपच वापरते, तो रकाना चाचणीसाठी संख्या कमी करायला आहे.

रॅम ४ जीबी असेल तर पासवर्ड दिल्यावर लगेच ती भरते आणि विंडोज उरलेला भार डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये ढकलू लागते. हार्ड डिस्कवर हे घडले की टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते आणि मिनिटभर काही हलत नाही. ८ जीबी रॅम आणि एसएसडी या जोडीने जुन्या डेस्कटॉपचे आयुष्य नक्की वाढते. एकच घेता येणार असेल तर एसएसडी घ्यावी. साटाची चालेल, कारण एनव्हीएमई (साटाहून वेगवान जोडणीची एसएसडी) सलग वाचनात कितीतरी पुढे असली तरी सुरू होण्याच्या वेळेत फरक थोड्याच सेकंदांचा पडतो.

जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या एसएसडीवर केलीत तर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क जोडलेली ठेवू नका. दोघींची ओळख-सही सारखी असते, आणि विंडोज त्यातली एक ऑफलाइन करते किंवा जुन्याच डिस्कवरून सुरू होऊन तुम्हाला बुचकळ्यात टाकते. एसएसडी एकटीने नीट सुरू झाली, बूटच्या क्रमात ती पहिली आली, की मग जुनी जोडावी आणि फायली तपासल्यावरच ती पुसावी.